स्वीडिश मसाज, फक्त महिलांसाठी

माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवर एवढंच लिहिलंय. त्यातलं 'फक्त महिलांसाठी' हे मी मुद्दाम मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, तरी आठवड्यातून एकदोनदा कोणीतरी बाप्या फोन करून विचारतोच, "मॅडम, जेन्ट्सचं होईल का?" आधी मी समजावून सांगायचे. आता नुसतं "नाही" म्हणते आणि फोन ठेवते. मसाज म्हटलं की लोकांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. सोसायटीत मी अजूनही 'फिजिओसारखं काहीतरी करते' असंच सांगते. सांगायला फारसं कोणी विचारतही नाही म्हणा.

जुन्या पनवेलमध्ये दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, त्याच्या मागची ही खोली. भिंतीच्या पलीकडे त्यांचं यंत्र कोणाचातरी दात कोरत असतं आणि अलीकडे मी कोणाचीतरी पाठ मळत असते. रोज चार-पाच जणी येतात. बँकेतल्या, शाळेतल्या, दिवसभर कॉम्प्युटरसमोर मान घालून बसणाऱ्या. त्या टेबलावर पालथ्या पडतात, दोन मिनिटांत त्यांचा श्वास लांबतो आणि मग तासभर माझे हात आणि त्यांचं अंग याशिवाय खोलीत काही नसतं. सबंध दिवस माणसांना हात लावणं हा माझा धंदा आहे. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी मला स्वतःला माणसाचा हात लागून सहा वर्षं झाली होती. बसमधली ढकलाढकली मी धरत नाही. हौसेनं मोजलं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणून आकडा माहीत होता.

माझं लग्न राहून गेलं. त्यामागे काहीतरी गोष्ट असेल असं लोकांना वाटतं, पण नाही, नुसतंच राहून गेलं. तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात नोकरी होती, नवीन पनवेलला छोटा फ्लॅट होता, घरात आम्ही दोघी होतो. आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. तिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, अंगाला खोबरेल लावायचं, पाय हलवून घ्यायचे. ती चिडायची, मीही चिडायचे. "तुझे हात आहेत की उलथनी?" असं म्हणायची. मग तशीच माझ्या दंडाला धरून झोपायची. ती गेली आणि माझे हात एकदम रिकामे झाले. एका माणसाची कणीक मळायची म्हणजे काय, पाण्याचा हात लावेपर्यंत तिचा गोळा होऊन जातो. मी परातीसमोर उभी राहून रडलेय, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर तेव्हा मसाजचा सहा महिन्यांचा क्लास चालायचा. मी नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. पहिले दोन आठवडे त्यांनी आम्हाला तेलाला हातच लावू दिला नाही, नुसता इतिहास. तो मला इतका आवडला की अजून तोंडपाठ आहे. दोनेकशे वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये एक व्यायामशिक्षक होता, तलवारबाजी शिकवायचा. त्याचा हात दुखत असे. हात वापरून वापरून तो बरा होतोय असं त्याच्या लक्षात आलं, आणि त्यावरून त्यानं दुखणाऱ्या शरीरांसाठी हालचालींची, ताणण्या-दाबण्याची एक पद्धतच बसवली. पण आम्ही जे शिकत होतो ते त्याचं नव्हतंच. ते हात, म्हणजे मसाजचे प्रकार, वेगळे काढून नीट लावले ते पुढे हॉलंडच्या एका डॉक्टरनं. त्या हातांना नावं पडली फ्रेंच. आणि जगात नाव झालं स्वीडनचं! आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर तो नागोबा तोवर मरूनही गेलेला. बाई म्हणायच्या, "स्वीडनला गेलात तर स्वीडिश मसाज मागू नका, त्यांना कळायचं नाही. तिथे त्याला नुसता साधा, जुन्या वळणाचा मसाज म्हणतात." जशा काही आम्ही सगळ्या उद्याच स्वीडनला निघालो होतो.

हात पाच. लांब फिरवणं, मळणं, घासणं, थापटणं आणि थरथरवणं. ती फ्रेंच नावं मी परीक्षेपुरती पाठ केली. मनात मात्र सारवणं, मळणं, घासणं, थापटणं असंच म्हणायचे, कारण हे सगळं बायकांना जन्मापासून येतं, फक्त माणसावर करायची सवय नसते. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की लांब हात फिरवायचा तो हृदयाच्या दिशेनं. पायावर घोट्याकडून मांडीकडे, हातावर मनगटाकडून खांद्याकडे. रक्त परत वर जायला मदत होते. बाईंनी फळ्यावर हेतूही लिहून दिले होते: स्नायू सैल होणं, रक्ताला वाट मिळणं, सांधे मोकळे होणं, मन शांत होणं. मी वहीत उतरवून घेतले. एका माणसाचे हात दुसऱ्या माणसाच्या अंगावर असणं, हा हेतू त्या यादीत नव्हता. मला वाटतं, त्या तलवारवाल्याला आणि त्या डॉक्टरला तो लिहावासा वाटला नसेल, कारण त्यांच्या घरात माणसं असतील.

क्लासमध्ये जोड्या लावायच्या. एकीनं झोपायचं, दुसरीनं करायचं, मग उलट. बाकीच्या सगळ्या वीस-बावीसच्या मुली. मी झोपायची वेळ आली की माझं काहीतरी निघायचं. कंबर धरलीय, सर्दी झालीय, आज उपास आहे. मुलींना दुसऱ्यांदा झोपायला मिळायचं, त्यामुळे त्या माझी चुगली करायच्या नाहीत. खरं कारण म्हणजे माझा ताठा. माझे सुटलेले दंड, पोटावरच्या वळ्या कोणी बघाव्यात, कोणाला माझी कीव यावी, हे मला चालणार नव्हतं. सहा महिन्यांत मी एकदाही त्या टेबलावर पडले नाही, आणि सर्टिफिकेट मात्र पहिल्या वर्गाचं घेऊन आले. चव न बघता वाढणारी सुगरण.

ज्यांना मी पुढे मावशी म्हणायला लागले, त्यांना त्यांची सून घेऊन आली, ती एका गुरुवारी. सत्तरीच्या पुढच्या, काळ्यासावळ्या, लुगडं नेसलेल्या, रुंद पंजांच्या. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं होतं. आता मुलगा-सुनेबरोबर उलव्याला सातव्या मजल्यावर राहायच्या. खांदा आणि गुडघे दुखतात, असं सुनेनं सांगितलं आणि ती मार्केटमध्ये गेली. मावशींनी टेबलाला तोंडासाठी असतं ते भोक बघितलं आणि मला विचारलं, "याच्यात थुकाचा काय?" लुगडं सोडायला त्या तयार नव्हत्या. "सोडीन, पन परत नेसायला अर्धा तास लागल. तुजी चादर र्‍हाऊ दे." मग मी ते गुडघ्यापर्यंत वर खोचून पाय करायला घेतले.

दोनचार हात झाले असतील नसतील, भोकातून आवाज आला, "पोरी, उलटा हात का फिरवतेस?"

मी म्हटलं, उलटा नाही मावशी, असाच फिरवायचा असतो, हृदयाकडे.

"म्हंजे दुखना कालजात नेतेस?" त्या चक्क उठून बसल्या. "कालजात आता जागा कुठं हाय?"

मी रक्त, शिरा वगैरे समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मला, माझ्याच खोलीत, दुखणं कुठून कुठे न्यायचं ते सांगितलं. डोक्यापासून सुरू करायचं, खाली खाली आणायचं, हाताच्या आणि पायाच्या बोटांतून बाहेर काढायचं, आणि मग हात झटकायचा. नाहीतर ते आपल्याला लागतं. त्यांनी आयुष्यभर गावातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घातलं होतं. न्हाणीत पाटावर पाय पसरून बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल लावायचं, पाणी घालायचं. "आर्धा गाव माज्या पायावर लोललाय," त्या म्हणाल्या. "आमदाराच्या मागं फिरतान ना ते बापे, ते पन."

"तुमच्या त्या सुयडनमदी बालंतिनीला कोन चोलतं?" असंही त्यांनी विचारलं. मी त्यांना परत पालथं झोपवलं आणि दुसरा पाय करायला घेतला.

त्या दर गुरुवारी यायला लागल्या. मी दुपारची शेवटची वेळ त्यांना ठेवायचे, म्हणजे मागे कोणी नसे. मी माझ्या पद्धतीनं वर हात नेई आणि त्या भोकातून सूचना करत राहत. अंगठा नको, पंजाची गादी लाव. पोटरीला मागून धर, कोंबडी धरतात तशी. खुब्यावर वजन टाक, तू काय मुंगी मारतेस? मी "हं, हं" करायचे. म्हातारं माणूस, बोलतंय, बोलू दे. पण बुधवारी रात्री झोपताना मला बरं वाटायचं, कारण उद्या गुरुवार. आठवड्याला मला एवढंच होतं.

एकदा त्या सांगत होत्या, नातसुनेला मुलगा झाला. त्यांनी तेल कोमट केलं, पाट मांडला, लुगडं वर खोचून बसल्या. तर नातसून म्हणाली, डॉक्टर नको म्हणाले, आम्ही व्हिडिओ बघून करतो. "मी पाय पसरून तशीच बसलेली," मावशी म्हणाल्या. "मंग उठली. सोताच्याच पायाना तेल लावून टाकला, वाया कशाला घालवायचा." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

त्याच दिवशी काम संपल्यावर मी त्यांच्या पायावरचं तेल पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. वर दंडापर्यंत चाचपत गेल्या, मग खांद्याच्या वर मानेपाशी बोटं दाबली. मी इतक्या जोरात दचकले की टॉवेल खाली पडला.

"तुला कोन हात लावतं गो?" त्यांनी विचारलं.

"हात लावायचं काम माझं आहे, मावशी."

"त्याच इचारते. आडवी पड. मी चोलते तुला."

मी म्हटलं, नियम नाही. असा काही नियम नाही. मी तो उभ्या उभ्या तयार केला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुढची बाई येणार आहे असं सांगितलं, कोणी येणार नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी त्या टेबलावरून उतरल्या, चादर स्वतः झटकून नीट अंथरली, टेबलावर थाप मारली आणि म्हणाल्या, "चल." जसं लहान मुलीला म्हणतात तसं. आणि माझं डोकं फिरलं. का फिरलं ते मला आज कळतं. मला त्या टेबलावर पडायचं होतं, मनापासून पडायचं होतं, आणि कोणीतरी ते बघतंय हे मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही गिऱ्हाईक आहात. गिऱ्हाइकासारखं यावं, करून घ्यावं, आणि जावं."

त्या दाराकडे वळल्या. त्यांच्या कामात गिऱ्हाईक कधी नव्हतंच. बारशाला पहिला नारळ आणि लुगडं न्हाऊ घालणारीला, मग आत्या, मग बाकीचे. ज्या घरात त्या पाटावर बसल्या, त्या घरच्या पोरांनी पुढे त्यांना आईच म्हटलं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं होतं आणि मी त्यावर "हं, हं" केलेलं होतं. चपला घालून त्या दाराबाहेरच्या पायरीवर सुनेची वाट बघत बसून राहिल्या. मी आत तेलाच्या बाटल्या उगाचच पुसत बसले.

त्यानंतर दोन गुरुवार त्या आल्या नाहीत. मी वेळ दुसऱ्या कोणाला दिली नाही. त्या तासभरात खोलीत बसून राहिले आणि भिंतीपलीकडचं यंत्र ऐकलं. तिसऱ्या गुरुवारी सुनेला फोन केला, तब्येतीची चौकशी म्हणून.

"बऱ्या आहेत की," सून म्हणाली. "पण यायचं नाही म्हणतात. काय बिनसलं तुमचं? त्या म्हणतात, तिला शिकायचं नाय, मंग मी कशाला जाऊ."

"शिकायचं?"

"अहो, घरी सगळ्यांना तेच सांगतात ना. पनवेलची एक पोर हाय, तिला हात शिकवायला जाते. आम्ही हसायचो. खांदा बरा झालाय केव्हाचा."

मी फोन ठेवला. अंगठा नको, पंजाची गादी. कोंबडी धरतात तशी पोटरी. इतके गुरुवार त्या मला ओळीनं, एक एक हात शिकवत आल्या होत्या. मला वाटत होतं त्या बडबडतायत. शेवटचं जे शिकवायचं, ते अंगावर केल्याशिवाय शिकवता येत नाही, म्हणून त्या मला आडवी पड म्हणत होत्या. आणि मी त्यांना जा म्हटलं.

माफी माझ्या तोंडून निघत नाही. आईचीही तीच तक्रार होती. पण रविवारी मी उलव्याची बस पकडली. तिकडे अजून निम्म्या इमारती अर्धवट उभ्या आहेत, रस्ताभर सिमेंटचे मिक्सर, आणि प्रत्येक इमारत दुसरीसारखी. दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर दार वाजवलं. घरची सगळी कुठल्याशा लग्नाला गेली होती. मावशींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन हॉलमध्ये खाली बसल्या. पुढ्यात करंजा बंदरावरून आणलेली सुकट पेपरावर पसरलेली होती. त्या निवडायला लागल्या. मीही समोर बसले आणि निवडायला लागले. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी नुसती सुकट निवडत होतो.

शेवटी मी म्हटलं, "मावशी, मी त्या टेबलावर कधी झोपले नाही. शिकतानासुद्धा नाही."

त्यांनी मान वर केली. "कदी म्हंजे?"

"कधीच नाही. आई गेल्यापासून मला कोणी हातच लावलेला नाही."

हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होते. मला लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेलेले होते.

त्यांनी "अरेरे" वगैरे काही केलं नाही. उठल्या, साबणानं दोनदा हात धुतले, गॅसवर लोखंडी पळीत तेल कोमट केलं. सोफा ढकलून जागा केली आणि फरशीवर गोधडी घातली. ब्लाउजची बटणं मी स्वतः काढली. ब्लाउजची बटणं मी स्वतः काढली. लाज केव्हा गेली ते कळलं नाही, कदाचित गेली नसेल, पण तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. त्यांनी टाळूवर तेल थापलं. मग मान, मग पाठ. हात खरखरीत होते, सुकटीचा वास पुरता गेला नव्हता, आणि जोर आता फारसा राहिलेला नव्हता, मध्येच दम खायला थांबत होत्या. माझ्या परीक्षेत असे हात नापास झाले असते. मी दात आवळून पडले होते. एकेक हात कुठला, किती दाबाचा, मी मनात लिहून घेत होते. कारण लिहून घेतलं नसतं तर मी उठून पळाले असते.

"उताणी हो," त्या म्हणाल्या. माझाच पदर माझ्या अंगावर टाकला आणि माझा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला. खांदा सैल करायला हात असा उचलतात. मग त्यांनी तो सोडला.

हात खाली पडला नाही. तसाच वर राहिला, हवेत, एकटा.

मला हे माहीत आहे. माझ्या टेबलावर अशा बायका येतात. त्यांचा हात उचलला की हलका लागतो, कारण तो आपण उचललेला नसतोच, त्यांनीच धरलेला असतो. मी त्यांना सांगते, ताई, सोडा, वजन मला द्या. त्यांना वाटतं त्यांनी सोडलाय. मलाही वाटलं, मी सोडलाय. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत होतो. मी त्याला खाली ये म्हणत होते आणि तो येत नव्हता.

मावशी हसल्या नाहीत. मला काही समजावलंही नाही. त्यांनी आपले दोन्ही पंजे त्या हाताखाली नेले, एक कोपराखाली, एक मनगटाखाली, आणि तशाच बसून राहिल्या. खाली रस्त्यावर मिक्सर फिरत होता. त्यांचं दुखरं गुडघ्याचं हाड माझ्या बरगडीला लागत होतं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आधी बोटं गेली, मग मनगट. मग कोपरापासून काहीतरी सुटलं, आणि मला हुंदका आला, आणि तो आवरायला मी काही केलं नाही.

"आयो," मावशी हात सावरत म्हणाल्या, "केवडा जड हात हाय गो तुजा."